ओढ्यापलीकडं काही नाही

अडकित्ता कट्ट वाजला आणि ओसरीवर बसलेली सगळी माणसं दचकली.

इनीनं सुपारी फोडली होती, दुसरं काही नाही. पण लाऊ वकीलबाईंनी विचारलेला प्रश्न इतका वेळ मधल्या चटईवर तसाच पडून होता आणि त्याला कुणी हात लावायला तयार नव्हतं. त्या शांततेत तेवढा आवाजही मोठा वाटला. सुपारीचा अर्धा तुकडा घरंगळत मिंदूच्या पायाशी आला. तिनं तो उचलून सासूच्या हातात दिला आणि मान खाली घातली.

"परत विचारते," लाऊबाई म्हणाल्या. "ओढ्यापलीकडं काय आहे?"

साऱ्या गावाचं मिळून एकच असलेल्या त्या लांबघराची ओसरी एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत भरलेली होती, पण सगळे बघत होते ते उंगांगकडं. उंगांग घरमुख्य. मिंदूचा थोरला दीर, इनीचा थोरला मुलगा. त्यानं मांडी बदलली, खाकरला, आणि छताला टांगलेल्या मासे पकडायच्या जाळ्याकडं बघत म्हणाला, "तुम्हाला माहितीये की."

"मला माहितीये. माझ्या बापानं इथं नदीकाठी दुकान चालवलं, मी तुमच्या पोरांबरोबर चिखलात लोळून मोठी झाले. पण सिबूच्या कोर्टातला जज काही चिखलात लोळलेला नाही. त्याच्या समोर तुमचा नकाशा असणार आहे, आणि त्या नकाशावर ओढ्यापलीकडं लिहिलंय, झाडझाडोरा, बाकी काही नाही. खाली अंगठा तुमचा."

"मोजणीवाल्यानं विचारलं, इथं काय? मी म्हणालो, तिथं काही नाही." उंगांगचा आवाज चढला. "दुसरं काय म्हणणार होतो? नाव घेऊ त्या जागेचं? परक्या माणसाला बोट करून दाखवू? तिकडं बोट दाखवलं तर ते चावून घ्यावं लागतं, ठाऊक आहे ना?"

"मग चावायचं होतं की हो! एक बोट चावलं असतंत तर आज मला दिवसभर बोटीत बसून कंबर मोडून घ्यावी लागली नसती."

ओसरीच्या टोकाला कुणीतरी फसकन हसलं आणि लगेच गप्प झालं. हसण्यासारखं काहीच नव्हतं. लोकांचं हात दाखवून अवलक्षण होतं. उंगांगचं हात न दाखवून झालं होतं. पण त्याच्या जागी दुसरं कुणी असतं तरी तेच बोललं असतं, हे ओसरीवरच्या प्रत्येकाला पक्कं माहीत होतं. ओढ्यापलीकडं त्यांची माणसं पुरलेली होती, आजे, पणजे, त्यांच्याही मागचे. मेलेल्याला घेऊन जायचं तेवढ्यापुरतं तिकडं जायचं आणि मागं न बघता परत यायचं. गवत काढायचं नाही, झाड तोडायचं नाही, भेटायला तर मुळीच जायचं नाही. म्हणून मग त्या जागेचं रानच झालं होतं, आणि ते बघून पामतेलाच्या कंपनीला रानच दिसलं. काल त्यांची यंत्रं रबराच्या झाडांपर्यंत पोचली होती. यंत्रावरचा माणूस चहा प्यायला इथंच आला आणि सहज बोलून गेला, सोमवारी ओढा ओलांडायचा आहे म्हणून. आज शनिवार होता.

लाऊबाईंनी पँट गुडघ्यापर्यंत दुमडली होती. घोट्याला जळू चिकटली होती ती बुलाननं, मिंदूच्या सहा वर्षांच्या लेकीनं, मिठाची चिमूट टाकून सोडवली होती, आणि आता ती जळू नारळाच्या करवंटीत ठेवून पोरगी तिच्याशी काहीतरी बोलत बसली होती.

"नीट ऐका," लाऊबाई म्हणाल्या. "सोमवारी कोर्ट उघडलं की मी अर्ज घालते. तातडीचा. इतक्या घाईत कंपनीला बोलावणं नाही, जज फक्त आपलंच ऐकणार. तुम्हाला वाटेल, बरंच झालं. नाही! समोर खोडून काढायला कुणी नसलं की जज स्वतःच खोडत बसतो. तो म्हणणार, तिथं थडगी आहेत म्हणता, दिसत तर नाहीत. मुख्य आधी नाही म्हणाला, आता आहे म्हणतो, मग खरा कधी होता? म्हणून मला दुसरं माणूस हवं. ज्याचं स्वतःचं कुणी अलीकडेच तिकडं गेलंय, आणि जे शपथेवर सांगेल, तिथं माझं माणूस आहे, हलवू नका. आणि तिथले फोटो लागतील."

आता मात्र कुणीच कुणाकडं बघेना. मिंदूकडं तर सगळे इतक्या काळजीनं बघत नव्हते, की तिला आपल्या अंगावर उजेड पडल्यासारखं झालं.

मागच्या उन्हाळ्यात लाकडाच्या तळावर ओंडका घसरला आणि मिंदूचा नवरा जेलियान गेला. त्यानंतर तिकडं कुणी गेलेलं नव्हतं.

"तिच्यावर कशाला ढकलता?" इंजा बोलली. जेलियानची धाकटी बहीण. मिरी शहरात मोठ्या दुकानात कामाला होती, केस कापलेले, गळ्यात बारीक क्रूस. "आणि कंपनीचा माणूस काय म्हणाला ते वकीलबाईंना का सांगत नाही कुणी? दादा, तू सांग."

उंगांगनं परत खाकरून घेतलं. "ते म्हणतात, वाद नको. ज्यांची ज्यांची हाडं आहेत ती आम्ही काढून देतो. डांबरी रस्त्याला लागून जागा देतो. सिमेंटचं बांधून, वर नाव घालून."

"नाव घालून," इंजा म्हणाली, आणि मिंदूजवळ सरकली. तिचा आवाज एकदम खाली आला. "वहिनी, मिरीत मी बघते ना. लोक रविवारी जातात, मेणबत्ती लावतात, बसतात, काय काय बोलतात. एक म्हातारी तर रोज पेपर वाचून दाखवते नवऱ्याला. आपल्यात काय? एकदा नेलं की संपलं. तुला नाही वाटत गं, कुठंतरी जाऊन बसावं?"

मिंदूला काय वाटतं हे इंजानं विचारायला नको होतं.

त्या दिवशी बायका ओढ्यापर्यंत गेल्या आणि तिथून परतल्या. बायकांनी तिथूनच परतायचं असतं. मिंदू शेवटी निघाली. पुरुषांच्या कोयत्यांचे आवाज रानात लांब लांब जात होते आणि ती एक पाऊल परत, एक पाऊल थांबून, अशी चालत होती, जोवर इनीनं दंड धरून वळवलं नाही. तेव्हापासून ती रोज सकाळी त्याच ओढ्यावर धुणं घेऊन जायची. घराजवळ नळ होता तरी. पलीकडच्या रानातून पाण्याबरोबर एखादं पान वाहत यायचं. ते ती धरायची, थोडा वेळ हातात ठेवायची आणि सोडून द्यायची. एवढंच. हे तिनं कुणाला सांगितलं नव्हतं.

आणि आता डांबरी रस्त्याला लागून जागा. वर नाव. बुलानचा हात धरून, बाजाराला जाता जाता.

"मला जरा..." ती म्हणाली. "मला भात टाकायचाय."

आणि ती उठून आत गेली.

---

मिदीनचे, रानातल्या नेच्याचे, कोवळे कोंब खुडता खुडता तिला कळेना की आपण एकच कोंब किती वेळ हातात धरून बसलोय. चुलीवर भात रटरटत होता. इनी आली, पान तोंडाच्या एका बाजूला सारून, आणि समोर बसून खुडू लागली. दोघींचे हात एकाच टोपलीत जात-येत होते.

"सही करू नकोस वाटलं तर," इनी म्हणाली. "मी काही तुला अडवायला आले नाही."

"तुम्हाला काय वाटतं?"

"मला म्हातारीला काय विचारतेस? मला मीठ कमी वाटतं सगळ्यात."

मिंदू हसली, हसता हसताच डोळे भरून आले, ते तिनं खांद्यानं पुसले. "इनी, मला बघायचंय हो त्याला. म्हणजे त्याची जागा. कशी आहे, कुठल्या झाडाखाली आहे. ऊन येतं का, पाणी साचतं का. मला काहीच ठाऊक नाही. माझा नवरा गेला आणि मला त्याचा पत्ता ठाऊक नाही."

इनीनं मोठा कोंब घेतला, त्याचं निबर टोक मोडून चुलीत टाकलं.

"उंगांगनंतर आणि जेलियानच्या आधी," ती शेवटी म्हणाली, "एक मुलगी झाली होती मला."

मिंदूचे हात थांबले. या घरात येऊन तिला इतकी वर्षं झाली, पण हे तिनं कधी ऐकलं नव्हतं.

"नाव ठेवायच्या आधीच गेली. मडक्यात घालून नेली, तिच्या बापानं. मी ओढ्यापर्यंतही गेले नाही, बाळंतीण होते. मग दूध यायला लागलं." इनीनं पदराशी चाळा केल्यासारखा कमरेला गुंडाळलेल्या सारोंगचा काठ ओढला. "दूध यायचं आणि मी त्या दिशेला तोंड करून बसायची. सासू ओरडायची, तिकडं तोंड करू नको, ती बोलावेल. मी म्हणायची, हो. आणि करायची."

"कधी सांगितलं नाहीत."

"कसं सांगू? नाव नाही तर काय म्हणून सांगू?" तिनं मिंदूकडं पाहिलं. "जेलियानला बाहेर काढलं ना, तेव्हा मी त्याच्या कानाशी वाकले, आठवतंय? तू म्हणालीस, इनी, बस झालं आता. मी त्याला सांगत होते, तुझी बहीण तिकडं एकटी आहे, तिच्याजवळ जाऊन बस. आणि उचलणाऱ्यांनाही सांगितलं होतं, तिच्या बापानं सांगितलेल्या त्या झाडाजवळ ठेवा."

भात उतू जायला लागला. कुणीच उठलं नाही.

"कंपनीवाले ज्यांची नावं सांगू त्यांची हाडं काढणार," इनी म्हणाली. "तिचं कोण सांगणार? तिची हाडं ती केवढी, चिमणीएवढी. जेलियानला उचलून नेतील रस्त्याला, सिमेंट घालतील, नाव घालतील. ती राहील तिथंच, पामच्या मुळांत. पुन्हा एकटी." मग घाईघाईनं, जणू काही जास्त बोलून गेली, "पण तू त्याची बायको आहेस. तुझा हक्क पहिला. तुला रविवारी जाऊन बसावंसं वाटलं तर त्यात पाप नाही काही. मी तुझ्या जागी असते तर मीही..."

आणि ती उठून भाताचं झाकण काढायला गेली. झाकण गरम होतं, तिनं हात झटकला. मिंदूनं तो हात धरून पाण्यात बुडवला आणि कितीतरी वेळ तसाच धरून ठेवला.

जेवायला बसल्यावर मिंदू भाजी वाढता वाढता लाऊबाईंना म्हणाली, "उद्या सकाळी पलीकडं कोण जाणार? फोटो लागतील म्हणाला होतात ना."

इंजानं ताट खाली ठेवलं. "वहिनी?"

"तू रागावू नकोस."

"मी रागावत नाहीये. मी तुझ्यासाठीच..." इंजाच्या ओठांची टोकं लहानपणी यायची तशी खाली आली. "मग रविवारी कुठं जाशील?"

"ओढ्यापर्यंत," मिंदू म्हणाली. "आजवर जातेय तशीच."

---

"मी येते," लाऊबाई सकाळी ओढ्याच्या काठावर बूट काढत म्हणाल्या.

"तुम्ही नाही," उंगांग म्हणाला. "बायका इथवरच."

"मी बाई म्हणून येत नाहीये, वकील म्हणून येतेय."

"इथं ते चालेल. तिकडच्यांना कसं कळणार?"

लाऊबाईंनी मुकाट्यानं आपला फोन त्याच्या हातात दिला, कुठं दाबायचं ते तीन-तीनदा दाखवलं. खांद्यावर मेलेला माणूस नसताना तिकडं जायचं, हे उंगांगच्या बापानं केलं नव्हतं, आज्यानं केलं नव्हतं. पलीकडच्या काठाकडं तोंड करून तो मोठ्यानं बोलू लागला, शेजाऱ्याला हाक मारावी तसा.

"ऐका! आम्ही कुणाला आणलेलं नाही. मी एकटा येतोय, उंगांग, लगेच जातो. कुणी दचकू नका, कुणी माझ्या मागं येऊ नका. तुमचा फोटो काढायचाय, कोर्टाला दाखवायला. तुमच्याच भल्याचं आहे." मग आवाज पडला. "माझीच चूक झाली. मी म्हणालो होतो, तुम्ही नाही आहात."

आणि तो पाण्यात उतरला.

बायका काठावर बसून राहिल्या. इनी पान लावत होती, खात नव्हती. बुलाननं चिखलाची बोट केली. पलीकडचं रान एवढं दाट होतं की आत गेलेला माणूस दोन पावलांत नाहीसा झाला, आणि मिंदू ज्या जागेतून तो नाहीसा झाला तिकडं बघत राहिली. तिला त्याचा हेवा वाटत होता. इतका, की तिला स्वतःचीच लाज वाटली.

उंगांग परत आला. त्यानं फोन लाऊबाईंकडं दिला आणि सरळ पाण्यात डोकं बुडवलं.

लाऊबाईंनी एकेक फोटो पुढं सरकवला. बरेचसे वाकडे होते, दोन-तीनांत उंगांगचा अंगठाच अर्धं चित्र अडवून बसला होता. मग एका ठिकाणी त्या थांबल्या. मिंदू उठून पुढं आली, मान लांबवून, पण लाऊबाईंनी झटकन फोन छातीशी उलटा धरला.

"थांब. बघू नकोस."

"दाखवा ना."

"आधी सांग. त्याच्याबरोबर काय काय ठेवलं होतं?"

"बाई, दाखवा हो आधी. एकदाच."

"पोरी, ऐक माझं. तिथं कुणाचंच नाव लिहिलेलं नाही. सगळ्या थडग्यांवर मडकी, सगळ्यांवर ताटल्या. जज विचारेल, हे तुझ्याच नवऱ्याचं कशावरून? तू फोटो बघून सांगितलंस तर त्याला किंमत नाही. न बघता सांगितलंस तर आहे. सांग."

मिंदूनं डोळे मिटले. मेलेल्याबरोबर द्यायच्या सगळ्या वस्तू मोडून द्यायच्या असतात. इथं मोडलेलं सेबायानात, मेलेल्यांच्या गावात, अख्खं होतं. आणि त्याच्या वस्तू तिनंच मोडल्या होत्या, आपल्या हातानं. त्या दिवसाचं दुसरं काहीही तिला नीट आठवत नव्हतं, हे मात्र लख्ख आठवत होतं.

"रेडिओ," ती म्हणाली. "निळा. मुसळानं फोडला. पहिल्यांदा मारला तर नुसतं बटण उडालं आणि तो वाजायलाच लागला, कुठलंतरी गाणं. मला दुसऱ्यांदा मारवेना. मग इंजानं मुसळ धरलं माझ्याबरोबर. मागची बाजू फुटलीये, वरून खाली तडा."

"हं. पुढं."

"ताटली. कोंबडा काढलेली, तो त्यातच जेवायचा. तिचे तीन तुकडे झाले. कोंबड्याचं डोकं एकीकडं. कामावरची पिवळी टोपी, ती फुटेना, उंगांगदादानं कोयत्यानं चिरली, डाव्या बाजूला. आणि चहाचा कप. कपाचा मी फक्त कान मोडला." तिनं डोळे उघडले. "सगळा फोडायला हवा होता. पण मला वाटलं, तिकडं जोडायला वेळ लागला तर निदान चहा तरी प्यायला मिळेल."

इंजानं तोंड फिरवलं. लाऊबाईंनी फोन सुलटा केला आणि मिंदूच्या हातात दिला.

वेलींनी बरंच झाकलं होतं. तरी निळा रंग होता. टोपीचा पिवळा होता, आणि डावीकडून चिरलेली ती टोपी पावसानं भरली होती, त्या पाण्यात वरच्या झाडाचं एक तांबूस पान पडलेलं होतं. कप होता, बिनकानाचा. मिंदू बघत राहिली. ऊन येत होतं तर. थोडं, पानांतून गाळून, पण येत होतं.

आणि कडेला, झाडाच्या मुळाशी, मातीतून एका लहान मडक्याचं नुसतं तोंड वर आलेलं दिसत होतं.

"इनी," मिंदू म्हणाली. "हे बघा."

इनीनं फोन अगदी डोळ्यांजवळ नेला, मग लांब धरला. मग बोटानं त्या मडक्याला हात लावायला गेली, आणि बोट लागताच चित्र सरकून गेलं, उंगांगचा अंगठा आला.

"गेली," इनी म्हणाली, लहान मुलासारखी.

"नाही, नाही गेली," लाऊबाईंनी घाईनं ते मागं आणलं. "इथंच आहे. बघा. हवा तेवढा वेळ बघा."

मग तिथंच, ओढ्याकाठच्या दगडावर प्लॅस्टिकची पिशवी अंथरून, वकीलपत्र पुढं आलं. मिंदूनं शाळेतल्या अक्षरात सही केली. उंगांगनं आणि इनीनं अंगठे दिले. "पण हिला सिबूला जाता येईल का?" इंजानं विचारलं. "दुखवटा कुठं फिटलाय हिचा अजून?"

उंगांगनं ओले केस मागं सारले. "मुख्य म्हणून मी मुभा देतो. दंड बसेल, एक कोंबडं आणि एक ताट. तो मी भरतो."

"आणि घेणार कोण?"

"घेणारही मीच. मुख्यच घेतो ना."

"वा रे दादा!" इंजा म्हणाली, नाक ओढत. "तुझंच कोंबडं, तुझंच पोट." आणि बुलानची चप्पल शोधायला लागली, कारण पोरीला घरी कुणाकडं ठेवायचं हा प्रश्नच आता उरला नव्हता. सगळीच निघाली होती.

---

सोमवारी सिबूला कोर्टाच्या दाराबाहेरच्या बाकावर एसीचा इतका गारठा होता, की इनीनं दोन्ही पाय वर घेतले आणि सारोंग डोक्यावरून ओढून घेतला. उंगांगनं बाटिकचा नवा शर्ट घातला होता, त्याची कॉलर त्याला टोचत होती. सकाळीच त्यानं आणि मिंदूनं शपथेवर कागद केले होते. उंगांगच्या कागदात एक वाक्य होतं, ते लाऊबाईंनी त्याला तीनदा वाचून दाखवलं आणि त्यानं तीनदा मान हलवली: मी त्या जागेचं नाव घेतलं नाही, कारण आमच्यात जिवंत माणूस ते घेत नाही.

दार उघडलं. काळ्या झग्यात लाऊबाई एकदम उंच दिसत होत्या.

"थांबवलं," त्या म्हणाल्या. "दोन्ही बाजू ऐकेपर्यंत यंत्रं ओढा ओलांडणार नाहीत. उंगांग, घरी फोन लावा. हुकूम पोचायच्या आधी कुणी पुढं सरकलं तर त्याला सांगा, कोर्ट बघतंय." मग मिंदूकडं वळून, थोड्या वेगळ्या आवाजात, "तुझा कागद जज दोनदा वाचत होता. कपाच्या कानापाशी थांबला होता बराच वेळ. आता पुढची लढाई लांबची आहे हं. पण आज थांबवलं."

इनी रडायला लागली, सारोंगच्या आतच. इंजानं तिला जवळ घेतलं. उंगांग फोनवर ओरडून ओरडून सांगत होता, थांबवलं, थांबवलं, अरे थांबवलं म्हणतोय ना, आणि शिपाई त्याला हळू बोला म्हणून हात करत होता.

मिंदूला आनंद झाला होता. खरंच झाला होता. आणि त्याच्याच खाली कुठंतरी डांबरी रस्त्याच्या कडेची ती सिमेंटची चौकट, जी कधी बांधली गेली नव्हती, ती मोडत होती, आणि तिच्यावरचं नावही. पुढचा रविवार तिला लांबूनच दिसला. ओढा, धुणं, आणि वाहत आलेलं एखादं पान.

बुलान तिच्या मांडीवर होती. लाऊबाईंनी दिलेल्या कागदांच्या प्रतीत मागं फोटो लावले होते, त्यांतला एक ती केव्हाची बघत होती, बोटानं एकेक वस्तू मोजल्यासारखी करत.

"हा अपाईचा रेडिओ." बापाला ती अपाई म्हणायची, आईला इंदाई.

"हो."

"मोडलाय."

"इथं मोडलाय. तिकडं अख्खा आहे. तिकडं वाजतो तो."

"आणि कप?"

"कपही. कानासकट."

बुलाननं यावर बराच विचार केला. पायातली चप्पल खाली पडली तिकडंही तिचं लक्ष गेलं नाही. मग तिनं मान वर करून आईकडं पाहिलं, तिच्या हनुवटीकडं, कपाळाकडं, डोळ्यांकडं, जणू कुठं काही दिसतंय का ते तपासत.

"इंदाई, इथलं मोडलेलं तिकडं अख्खं असतं ना?"

"हो गं."

"मग आपण इथं अख्खे आहोत," बुलान म्हणाली. "तिकडून बघितलं की अपाईला आपण मोडलेले दिसतो का?"